तिसरं नको

"मला नको घेऊस त्यात," असं म्हणून डोनलने फोटोतून तोंड काढून घेतलं आणि भिंतीकडे वळवलं.

"मग एकटीचाच काढू? लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून आलोय ना आपण? की लोकांना सांगू, दहावा वाढदिवस सार्डिन माशाबरोबर साजरा केला म्हणून?"

"मासा माझ्यापेक्षा बरा दिसतो. त्याचाच काढ."

ओर्ला हसली नाही. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि पुढ्यातल्या पावावरचा मासा काट्याने उलटा केला. जूनमधली शनिवारची दुपार होती. लिस्बनच्या त्या चढणीच्या जुन्या वस्तीत संत अँथनीचा उत्सव भरात आला होता. दारोदार शेगड्या पेटलेल्या, गल्लीच्या या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत रंगीत पताका, एका बाल्कनीतला कर्णा दुसरीतल्या कर्ण्याशी भांडतोय, आणि माशांचा धूर असा की माणसाने घरी जाऊन तीनदा अंघोळ केली तरी शर्ट खरं बोलणार. ओर्लाने जानेवारीतच तिकिटं काढली होती. तेव्हा डोनलचे वडील धडधाकट होते.

डोनल हेहिर हा नाकासमोर चालणारा माणूस. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातलं क्लूनार हे त्याचं गाव. गेली अकरा वर्षं तो हॉलंडमध्ये ब्रेडा नावाच्या शहरात राहत होता आणि सुपरमार्केटांची शीतकपाटं दुरुस्त करत होता. ओर्ला डब्लिनची, दाताच्या दवाखान्यात मदतनीस. मूलबाळ नाही, कर्ज आहे, दोन सायकली आहेत. कुणी त्यांच्यावर बोट ठेवावं असं आयुष्यात काही घडलं नव्हतं. आज मात्र डोनलला मोबाइलच्या कॅमेऱ्याचीही धास्ती वाटत होती, कारण ओर्लाने टाकलेला फोटो अर्ध्या तासात क्लूनारच्या किराणा दुकानात पोचला असता, आणि आज संध्याकाळी क्लूनारच्या चर्चमध्ये त्याच्या वडिलांची महिन्याची मिस्सा, म्हणजे त्यांच्या आत्म्यासाठीची प्रार्थना होती.

माणूस गेला की महिन्याने त्याच्या नावाची मिस्सा करायची, आणि मग सगळ्यांनी घरी येऊन चहा आणि हॅमची सँडविचं खायची, हा तिकडचा रिवाज. डोनलच्या वडिलांना, मर्ट हेहिरला, दोन मुलं. मुलगी ऑस्ट्रेलियात, ती दफन उरकून नुकतीच परत गेलेली, तिची कुणी वाट बघणार नव्हतं. मुलाची बघणार होते. मुलाने तीन आठवड्यांपूर्वी आईला फोनवर विचारलंही होतं, "आई, महिन्याच्या मिस्सेला येऊ का मी?" आई म्हणाली होती, "नको रे, कशाला एवढ्या लांब." तो म्हणाला, "बरं." मग दोघं पावसाबद्दल बोलले. फोन ठेवल्यावर डोनलला एकदम हलकं वाटलं होतं, शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखं. ते हलकं वाटणं त्या दिवसापासून त्याला खुपत होतं.

"ही मान मर्ट हेहिरचीच," मागून आवाज आला. "हजार माणसांत ओळखेन मी."

डोनल बिअरचा ग्लास हातात घेऊनच वळला. मागे नोनी ग्रिफी उभी होती. क्लूनारमध्ये हेहिरांच्या घरापासून दुसरं घर तिचं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं गावाच्या दोन पिढ्या पोसल्या होत्या आणि मर्ट गेला तेव्हा दोन दिवस हेहिरांच्या घरी किटली हातातून खाली ठेवली नव्हती. गळ्यात यात्रेकरूंचा पिवळा रुमाल, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, नाक उन्हाने लालबुंद.

"नोनी! तुम्ही इथं?"

"फातिमाच्या तीर्थाला आलोय ना आम्ही यात्रेला. गावातल्या सातजणी आणि बरोबर पलीकडच्या गावचा फादर, तोही एका कानानं बहिरा. कन्फेशनला बरा. आज दिवसभर लिस्बन दाखवणार आणि संध्याकाळी बसमध्ये कोंबणार. गेल्या वर्षीच पैसे भरून बसले होते, नाहीतर आजच्या दिवशी मी गाव सोडलं असतं होय?"

बोलता बोलता ती थांबली. तिची नजर त्याच्या अर्ध्या चड्डीवरून ग्लासावर गेली, ग्लासावरून ओर्लाच्या काळ्या चष्म्यावर गेली आणि परत त्याच्या तोंडावर आली. तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. पण क्लूनारची माणसं कुणाला उघडं पाडत नाहीत, ती समोरच्याला पळायला दार करून देतात.

"कामानं पाठवलं असेल तुला इकडे," ती म्हणाली.

"नाही, आम्ही..." ओर्ला म्हणाली.

"हो, कामच," डोनल म्हणाला.

दोघं एकदमच बोलले. नोनीने जे ऐकायचं तेच ऐकलं.

"तेच म्हणते मी. आई सांगत होती तुझी. हॉलंडात कुठली मोठमोठी शीतगृहं बंद पडलीयेत, अख्ख्या देशाचं मटण सडायला आलंय आणि साहेब तुला सोडायला तयार नाही. फादरना सांगितलं तिनं. दुकानात सांगितलं. पोस्टातही सांगितलं. फार तळमळतोय म्हणाली पोरगा, पण काय करील?"

डोनलच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. त्याने आईला कामाचं एक अक्षरही सांगितलं नव्हतं. शीतगृह नाही, साहेब नाही, मटण तर नाहीच. त्याचा साहेब उलट म्हणाला होता, वडिलांचं काही असेल तर हवी तेवढी रजा घे. म्हणजे हे सगळं आईने रचलं होतं. रोज संध्याकाळी न चुकता जपमाळ ओढणारी चौऱ्याहत्तर वर्षांची बाई दुकान, पोस्ट आणि चर्च एवढं फिरून त्याच्यासाठी खोटं पेरून आली होती. आणि तो इथे पताकांखाली बिअर पीत उभा होता.

"मी तिला म्हटलं, मी मागं राहते," नोनी सांगत होती. "नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी परत गेले, म्हटलं अगं फातिमा कुठं पळून चाललीय का. नको म्हणाली. तिसऱ्यांदा तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तेव्हाही नको म्हणाली, तेव्हा कुठं मी बॅग भरली." मग तिने रुमालाची गाठ नीट केली आणि दुसरीकडेच बघत विचारलं, "तू किती वेळा विचारलंस रे, पोरा?"

खोटं बोलायचं डोनलच्या मनात आलं. पण मघाचं 'हो, कामच' हेच अजून पचलं नव्हतं.

"एकदा."

"एकदा," नोनी म्हणाली. "असू दे. हॉलंडात तशीच पद्धत असेल."

तेवढ्यात नोनीने चढाच्या टोकाकडे बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. "देवा, आल्या. पुढं नेली कॉम्बर आहे. तिनं तुला पाहिलं तर तुझ्या आईच्या चहाला उकळी यायच्या आत गावात फोन जाईल, आणि मग माझ्या मैत्रिणीनं तोंड कुठं दाखवायचं? अरे बघत काय राहिलास, शीर तिकडे! मी तुला पाहिलंच नाही. ओर्ला, तुलाही नाही पाहिलं, पण ड्रेस छान आहे हो."

एक्केचाळीस वर्षांचा डोनल हेहिर वाकून एका शेगडीमागे जाऊन बसला. शेगडीवाल्या बाईला वाटलं, हा रांग मोडून घुसतोय. तिने चिमटा हवेत नाचवत त्याला पोर्तुगीजमध्ये काय काय ऐकवलं. त्यातलं त्याला काहीच कळलं नाही, पण सगळं लागू पडत होतं. धुराने डोळे चुरचुरत होते. पलीकडून सात पिवळे रुमाल खिदळत उतरून गेले. नेली कॉम्बरचा आवाज त्याने ओळखला. "नोनी, कुणाशी बोलत होतीस गं?" आणि नोनीचं उत्तर, "कुणी नाही गं, कुणी परका होता. रस्ता चुकलेला."

पहिल्यांदा हॉलंडला गेला तेव्हा डोनल असाच एकदा फसला होता. एका सहकाऱ्याने घरी बोलावलं, कॉफी घेणार का म्हणून विचारलं. डोनल रीतीप्रमाणे नको म्हणाला. सहकाऱ्याने मान डोलावली आणि किटली उचलून आत नेऊन ठेवली. डोनल दोन तास कोरड्या घशाने बसून होता. क्लूनारमध्ये पहिलं नको म्हणजे नुसती रीत. दुसऱ्यांदा विचारलं की नको म्हणायचं ते समोरच्याचा जीव बघायला. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं बाई, तुमचा एवढा आग्रहच आहे तर" म्हणून कप हातात घ्यायचा. तिसऱ्यांदाही नको म्हटलं तर ते खरं नको. हे तिथे कुणी पोरांना शिकवत नाही, दुधाबरोबरच पोटात जातं. डोनलला हॉलंडात ते विसरायला वर्ष लागलं, मग मात्र त्याला ती पद्धत आवडली. एकदा विचारायचं, एकदा सांगायचं, मोकळं व्हायचं. आणि तीन आठवड्यांपूर्वी आई नको म्हणाली तेव्हा तो सोयीस्करपणे डच झाला होता. आईच्या त्या नकोचा अर्थ त्याला कळला नव्हता असं नाही. चांगला कळला होता. म्हणूनच तर त्याने एवढ्या घाईने "बरं" म्हटलं होतं.

ओर्ला त्याला खालच्या चौकातल्या एका सावलीतल्या टेबलापाशी घेऊन गेली. मग म्हणाली, "एक विचारू? सरळ उत्तर दे. तुला जायचं होतं का?"

"आई नको म्हणाली होती."

"आईचं नाही विचारलं मी."

डोनल ग्लासाखालचा कागद सोलत राहिला. "नव्हतं जायचं," तो म्हणाला. "अजिबात नव्हतं. दफनाच्या आदल्या संध्याकाळी तू होतीस ना माझ्या शेजारी? सगळा परगणा रांगेनं हात मिळवून गेला. आणि जो तो मला बाबांचं काहीतरी सांगून गेला. कुणाची गाय त्यांनी रात्रभर बसून वाचवली, कुणाच्या पोरीला बर्फातून दुधाच्या लॉरीत घालून दवाखान्यात नेलं, कुठल्या लग्नात म्हणे गाणं म्हटलं. गाणं! माझ्या बाबांनी! आमच्या घरात तो माणूस मीठ दे यापलीकडे बोलत नव्हता. मी आपला हो हो करत उभा. शेवटी मला वाटायला लागलं, सगळ्या क्लेअरमध्ये मर्ट हेहिरला न ओळखणारा मी एकटाच आहे. परत त्या लोकांत जाऊन उभं राहायचं, परत ते ऐकायचं... नको वाटलं मला. आई नको म्हणाली आणि मी सुटलो."

"हे मला का नाही सांगितलंस? मी तिकिटं बदलली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं."

ओर्लाने चष्मा काढला. तिचे डोळे ओले होते, पण आवाज डब्लिनचाच होता, सरळ आणि कोरडा. "मग आता रडत बसू नकोस. जा. विमान बघ. मिस्सा गाठणं होणार नाही, पण घरी पोचशील. निदान कप विसळायला तरी."

त्याने मोबाइलवर बघितलं. होतं. डब्लिनचं विमान होतं आणि त्यात एक जागाही होती. तिथून भाड्याची गाडी घेतली तर तो आईच्या स्वयंपाकघरात नक्की पोचला असता, उशिरा का होईना. जागेच्या त्या चौकोनावर त्याने अंगठा धरला. "एवढं संपवून घेतो," तो म्हणाला आणि ग्लास उचलला. ग्लासात दोनच घोट होते. ते त्याने जितके लांबवता येतील तितके लांबवले. चौकात कुणीतरी नाचायला लागलं, तो ते बघत बसला. परत मोबाइल उघडला तेव्हा तो चौकोन करडा झाला होता.

"गेलं," तो म्हणाला.

"गेलं की जाऊ दिलंस?"

दुपार तशीच सरली. ओर्लाने टेकडीवरून नदी पाहिली, डोनलने नदीकडे तोंड केलं इतकंच. एका म्हातारीने त्यांना तुळशीसारख्या वासाच्या झाडाची इवलीशी कुंडी विकली. ओर्लाने ती दिवसभर छातीशी धरून वागवली, जणू घरचं कुणी आजारी आहे आणि हे त्याचं औषध.

संध्याकाळी ओर्लाच म्हणाली, "तुमच्या चर्चला कॅमेरा आहे ना? मिस्सा मोबाइलवर दिसते म्हणाली होती तुझी बहीण. ती पर्थला बसून बघते."

एका बंद बेकरीच्या पायरीवर ते दोघं टेकले. समोरून माणसांचे लोंढे उत्सवाला चालले होते, डोक्यावर कागदी मासे लावलेले. लिस्बनचं आणि क्लूनारचं घड्याळ एकच. मोबाइलच्या काचेत हळूहळू चर्च उमटलं. कॅमेरा दाराच्या वर बसवलेला, त्यामुळे सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. पहिल्या बाकावरची निळी पाठ आईची होती. तिने अंगातला कोट काढून शेजारच्या जागेवर ठेवला होता.

"गरम होतंय वाटतं तिकडं," ओर्ला म्हणाली.

क्लूनारमध्ये जूनमध्येही कुणाला गरम होत नाही. माणसं येत होती, बाक भरत होते. नेली कॉम्बरचा नवरा फ्लॅन, दारात वाकून शिरावं लागेल असा उंच गडी, पहिल्या बाकापाशी आला आणि त्या कोटाकडे बोट करून त्याने काहीतरी विचारलं. आईने मान हलवली. नाही म्हणाली. फ्लॅन भिंतीला टेकून उभा राहिला. मग आणखी एक बाई आली. तिलाही आई नाही म्हणाली. घंटा वाजली, सगळे उठले. तेवढ्यात आईने मान वळवून दाराकडे बघितलं. दार कॅमेऱ्याच्या बरोबर खाली होतं, त्यामुळे ती थेट डोनलकडेच बघत होती. चित्र इतकं लहान होतं की तिचा चेहरा कळत नव्हता, नुसता एक फिकट ठिपका. ती बघत होती तेवढा वेळ डोनलने श्वास घेतला नाही. मग ती वळली, कोट उचलून मांडीवर घेतला आणि फ्लॅनला हाताने बोलावून शेजारी बसवलं.

ओर्ला रडायला लागली. फादरने मर्ट हेहिरचं नाव घेतलं तेव्हा रस्त्यावर कुणीतरी फटाका लावला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. मिस्सा संपेपर्यंत डोनल ती निळी पाठ बघत राहिला. त्याला स्वतःची किळस आली. विमान चुकलं म्हणून नव्हे, दोन घोट लांबवले म्हणून.

आईला चर्चमधून घरी पोचायला लागतो तेवढा वेळ जाऊ देऊन तो एका बोळात गेला. तिथे जरा शांत होतं. त्याने घरचा नंबर लावला. सगळं सांगायचं, आईने काय म्हणायचं ते म्हणू दे, असं ठरवलं होतं.

"हॅलो?"

"आई, मी."

"डोनल! अरे, किती छान झालं म्हणून सांगू. फादर फार चांगलं बोलले. बाबांच्या लॉरीचं सुद्धा नाव घेतलं. चर्च भरलं होतं रे."

"पाहिलं मी आई. कॅमेऱ्यावर."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "हो का? माझे केस मागून कसे दिसत होते?"

"छान दिसत होते. आई, ऐक, मला तुला काहीतरी सांगायचंय..."

"ऊन आहे का रे लिस्बनला?"

डोनल भिंतीला टेकला. "नोनीनं फोन केला तुला?"

"नोनीचा काय संबंध? नोनी फातिमाला आहे. मला ओर्लानं सांगितलं होतं, दफनाच्या दिवशी, इथंच, कप पुसता पुसता. रडत होती पोर. आता रद्द करते म्हणाली. मी तिला दम दिला, खबरदार म्हटलं, लग्नाला दहा वर्षं काय रोज होतात? आणि त्याला सांगायचं नाही मी म्हटलं म्हणून."

"मग तू गावभर ते शीतगृहाचं..."

"मग काय सांगू? गावाला काम म्हटलं की कळतं. दुसरं काही म्हटलं की प्रश्न विचारतात."

रागाचा टिपूसही नव्हता तिच्या बोलण्यात. तो असता तर डोनलला बरं वाटलं असतं. तो घाईने म्हणाला, "मी उद्या येतो आई."

"नको रे. उद्या काय आहे इथं? उरलेलं हॅम."

"सकाळचं विमान बघतो. दुपारी तुझ्यापाशी."

"नको डोनल. ओर्लाला काय एकटीला टाकून येणार?"

दोन झाले. डोनलने नकळत मोजले होते. त्याने श्वास घेतला, मोबाइल दुसऱ्या कानाला लावला आणि लहानपणी दुसऱ्याच्या दारात उभं राहून विचारावं तसं नीट, एकेक शब्द लावून विचारलं, "आई, मला यायचंय. येऊ का?"

पलीकडे बशीवर बशी ठेवल्याचा आवाज आला. तो थांबला. आता ती म्हणणार होती, बरं बाबा, तुझा एवढा आग्रहच आहे तर. त्याच्या ओठांपर्यंत पुढचं वाक्यही आलं होतं, कुठलं विमान, किती वाजता, पलंग अंथरू नकोस, मी बघतो.

"नको, बाळा," आई म्हणाली. लहानपणी स्वेटर घाल म्हणायची त्याच आवाजात म्हणाली. "आजचं होतं ते."

तीनच्या पुढे कसं विचारायचं ते क्लूनारमध्ये कुणालाच माहीत नाही. तिकडे दार उघडल्याचा आवाज आला, मग बूट झटकल्याचा, मग एकदम खूप माणसं घरात आल्याचा. कुणीतरी विचारलं, कोण आहे गं फोनवर? आणि नेमकं तेव्हाच बोळाच्या तोंडाशी उत्सवाचा बँड येऊन ठेपला. ढोल धडाडला, त्यावर तुताऱ्या चढल्या, मागे दोनएकशे माणसं ओरडत होती.

"डोनल आहे," आईने खोलीला सांगितल्याचं त्याला ऐकू आलं. "कामावरूनच करतोय फोन. हो ना, आजसुद्धा! अहो आवाज ऐका किती आहे यंत्रांचा, बिचाऱ्याला माझं धड ऐकूही येत नसेल."

बँड बोळात शिरला. डोनलने घाईने दोन्ही तळव्यांत मोबाइल झाकून घेतला, तुतारी आहे हे तिकडे कुणाला ओळखू येऊ नये म्हणून, आणि त्या भरल्या स्वयंपाकघरातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने ओरडला, "हो आई, यंत्रं चालू आहेत इथं! बंद करता येत नाहीत! आलेल्यांना चहा दे तू, माझ्यासाठी थांबू नकोस!"